वर्ग माझी मुलगी घेते, ‘फाउंडर’ म्हणून नाव दुसरीचं. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये हे कसं लिहायचं?

कोपरखैरणेची आई

नमस्कार, जरा मोठी पोस्ट आहे, पण कोणाला विचारायचं कळत नाहीये म्हणून इथे लिहितेय.

मी नवी मुंबईतल्या एका इंटरनॅशनल शाळेत अकाउंट्सला आहे. स्टाफ कन्सेशन असल्यामुळे मुलगी सहावीपासून तिथेच शिकली, आता आयबीच्या (आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या) दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. मिस्टर एपीएमसीत मसाला मार्केटला एका गाळ्यावर हिशेब बघतात, सासरे माथाडी होते, पाटणहून आलेले. आमच्याकडे कॉलेजचा फॉर्म भरायचा म्हणजे मार्क टाकायचे आणि लिस्ट लागायची वाट बघायची, एवढंच आजवर माहीत. आता हे कॉमन ॲप, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म, त्यात साडेसहाशे शब्दांचा निबंध, ॲक्टिव्हिटीज, शिक्षकांची पत्रं, काउन्सेलरचं पत्र, आणि मुलगी हुशार आहे, शिक्षकच म्हणाले की अप्लाय कर, स्कॉलरशिप मिळू शकते, म्हणून आम्ही हो म्हटलं.

तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तरी नववीपासून बाहेरचा कन्सल्टंट आहे. मी पण एकाला फोन करून फी विचारली, त्याने सांगितलेला आकडा माझ्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त होता, थँक्यू म्हणून फोन ठेवला.

आता मेन गोष्ट. दीड वर्षापूर्वी वर्गातल्या एका मुलीने दिघ्याला वस्तीतल्या मुलांसाठी शनिवारचा वर्ग सुरू केला. नाव, लोगो, वेबसाइट, टीशर्ट सगळं तिच्या वडिलांच्या ऑफिसमधून झालं. पहिल्यांदा दहा-बारा जण जायचे, दोन महिन्यात सगळे गळाले, माझी मुलगी तेवढी राहिली. दिघा गाव स्टेशन झाल्यापासून कोपरखैरण्याहून थेट ट्रेन आहे त्यामुळे एकटी जाते. तिथली मुलं मराठी आणि हिंदी मिडियमची, पाचवी-सहावीत असून हातच्याची वजाबाकी अडते, अपूर्णांक तर लांबच, म्हणून हिने स्वतः मराठीत साठ पानी वही बनवली, भाकरीचे तुकडे, पाण्याचे हंडे, रिक्षाचं मीटर असली गणितं घालून. परीक्षा चालू असताना रात्री बसून केलीय, मी बघितलंय. ती वही आता त्या वेबसाइटवर ‘आमचा अभ्यासक्रम’ म्हणून पीडीएफ आहे आणि माझ्या मुलीचं नाव कुठेच नाही. ती दुसरी मुलगी सगळी मिळून पाचेक वेळा आली असेल, त्यातल्या दोन वेळा बरोबर फोटोग्राफर होता. शाळेच्या पत्रात ती फाउंडर आणि माझी लेक व्हॉलंटियर.

मी काउन्सेलरला विचारलं तर म्हणाल्या, एकाच शाळेतून दोघी त्याच कॉलेजांना अप्लाय करताय, कॉन्फ्लिक्ट नको. त्या मुलीचे वडील शाळेला बरीच मदत करतात आणि मी तिथेच नोकरीला, कन्सेशनही तिथलंच. मुलगी म्हणते आई सोड ना, त्यांच्याशिवाय तो वर्ग सुरूच झाला नसता. तेही खरंय. पण मला रात्री झोप लागत नाही. बोलावं का गप्प बसावं? आणि हे सगळं आपल्यासारख्यांसाठी आहे तरी का?

खारेगावकर

ताई वाचून डोकं सणकलं. बोला, नक्की बोला. मला तर हा पत्रं-निबंधांचा प्रकारच पटत नाही. आपल्याकडे अकरावीला इनहाउस कोटा (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांचा) १० टक्के, मॅनेजमेंट ५ टक्के, अल्पसंख्याक कॉलेज असेल तर तिथे ५० टक्के, इंजिनिअरिंगच्या प्रायव्हेट कॉलेजला इन्स्टिट्यूट लेव्हलच्या २० टक्के सीट, मान्य आहे सगळं, पण ते सगळं लिहिलेलं असतं ना. बाकीच्या सीटसाठी कॅप राउंड, म्हणजे सरकारची केंद्रीय प्रवेश फेरी, लागतो आणि आपल्या पोराच्या पुढे कोण किती पर्सेंटाइलवाला आहे ते डोळ्यांनी दिसतं. आणि एक लक्षात ठेवा, आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर २०२४-२५ पासून मुलींना कॅपमधून प्रोफेशनल कोर्सला घेतलं तर ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, मॅनेजमेंट सीटला नाही. पोरीला सीईटी द्यायला लावाच. तिथे तिच्या मार्कांवर दुसऱ्याचं नाव कोणी छापू शकणार नाही.

नौपाड्याचे सर

खारेगावकर, तुमची तळमळ समजते, पण लिस्ट स्वच्छ असते असं म्हणू नका. मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. शेवटची सात-आठ वर्षं अकरावी-बारावीच्या रोलवर १२० नावं आणि समोर बाकावर वीस-बावीस मुलं, बाकीची ‘इंटिग्रेटेड’ला, म्हणजे क्लासमध्ये. समोर बसलेली ती वीस कोण, तर ज्यांच्या घरी दोन-तीन लाख भरायची ऐपत नव्हती ती. दोघांची नावं एकाच मेरिट लिस्टवर लागतात आणि आपण म्हणतो बघा, फेअर आहे. त्या वीस मुलांसाठी मी सकाळी सातला एक्स्ट्रा लेक्चर घ्यायचो, त्यातली दोन मुलं चांगल्या ठिकाणी पोचली, बाकीची हुशार असूनही मागे राहिली.

अमेरिकेचा इतिहासही या बाबतीत वाचण्यासारखा आहे. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्डला मुख्यतः परीक्षेवर प्रवेश मिळायचा. गरीब ज्यू घरातली मुलं परीक्षा पास होऊन मोठ्या संख्येने यायला लागली तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना ते जास्त वाटायला लागलं. १९२२ ला त्यांनी उघड मर्यादा घालायचा प्रयत्न केला तो फसला, मग १९२६ च्या आसपास नियम बदलले, ‘चारित्र्य’ बघायचं, फोटो मागायचा, पत्रं मागायची. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप द्यायची पद्धतही त्याच काळात रुजली. म्हणजे ‘आम्ही पूर्ण माणूस बघतो’ हे जे आज सांगितलं जातं त्याची सुरुवात काही चांगल्या हेतूने झालेली नाही. आज त्याच दाराने एखादी वस्तीतली मुलगीसुद्धा आत जाऊ शकते हेही खरं आहे, कारण तिचे मार्क कुठल्या परिस्थितीत आले हे निव्वळ लिस्टला कधीच कळत नाही. म्हणून मला दोन्हीपैकी एकच बरोबर असं म्हणवत नाही.

घोडबंदरची काउन्सेलर

मी नऊ वर्षं शाळांमध्ये कॉलेज काउन्सेलर होते, दोन वर्षांपूर्वी सोडलं, आता घरून चार-पाच मुलांना मदत करते. ताई, लांबलचक लिहितेय, निवांत वाचा.

तुमच्या काउन्सेलर जे म्हणाल्या ते चूक आहे, पण ते कुठून येतं ते मला माहितीय. एका वर्षी एका मुलाचं पत्र मी तीन वेळा लिहिलं कारण घरून निरोप यायचा की जरा अजून स्ट्राँग करा, आणि त्याच आठवड्यात उरलेल्या अठरा मुलांची पत्रं मी एका रात्रीत संपवली. त्या अठरातल्या एकाच्याही आईवडिलांनी मला फोन केला नव्हता, त्यांना असा फोन करता येतो हेच माहीत नव्हतं. ती रात्र मला अजून टोचते, नोकरी सोडली त्याचं निम्मं कारण तेच.

२०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या तिघा अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या १२ कॉलेजांचा अभ्यास मांडला, आठ आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे जुन्या नामांकित कॉलेजांचा गट) आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो. सॅट-एसीटी या तिथल्या प्रवेश परीक्षांचे मार्क सारखे असताना सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरातली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात तिथे पोचतात असं त्यात निघालं. कारणं तीन. माजी विद्यार्थ्यांची मुलं, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारं रेटिंग. हा अभ्यास अमेरिकन घरांचा आहे, पण तिसरं कारण बघा, तेच तुमच्या घरात चाललंय. लोगो, फोटो, फाउंडर हा शब्द, आणि त्याला पाठिंबा देणारं शाळेचं पत्र. आणि त्याच अभ्यासात असंही निघालं की या तीन गोष्टींमुळे आत गेलेली मुलं पुढे जास्त काही करतात असं दिसत नाही, परीक्षेच्या मार्कांवरून मात्र पुढचा चांगला अंदाज येतो. मी हे वाचून दोन दिवस सुन्न होते, कारण मी नऊ वर्षं नेमक्या त्याच रकान्यांना पॉलिश करत होते.

आता कामाचं. फॉर्ममध्ये कोणाविरुद्ध एक शब्दही लिहू नका. वाचणारा तिथे बसून शहानिशा करत नाही, त्याला दोन मुलींचं भांडण दिसतं आणि नुकसान तुमच्या मुलीचं होतं. ॲक्टिव्हिटीच्या रकान्यात पदासाठी ५० कॅरॅक्टर असतात आणि वर्णनाला १५०. व्हॉलंटियर हा शब्द वापरायची सक्ती नाही, जे केलं ते लिहा, गणित शिकवते आणि साठ पानी मराठी पुस्तिका लिहिली. आठवड्याचे किती तास आणि वर्षातले किती आठवडे तेही विचारतात, तिथे तिचा आकडा खरा आहे, तो भरा. घरी काही जबाबदारी असेल, आजोबांचं औषधपाणी, संध्याकाळचा स्वयंपाक, तर तेही ॲक्टिव्हिटीत मोडतं, घरच्या जबाबदाऱ्यांसाठी फॉर्ममध्ये वेगळा प्रकारच आहे. आमच्याकडची मुलं हे लिहायला लाजतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पत्रांचं सांगते. शिक्षकांची पत्रं शाळेतूनच जातील, पण बरीच कॉलेजं एखादं जास्तीचं पत्र बाहेरच्या माणसाचं चालवून घेतात. वर्गासाठी खोली कोणी दिली? महापालिकेच्या शाळेतले मुख्याध्यापक असतील तर त्यांना विचारा, त्यांनी शनिवारी कोण येतं ते बघितलेलं असणार.

आणि पैशाचं, कारण इथेच सगळे फसतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकीच कॉलेजं बाहेरच्या देशातल्या मुलांना सुद्धा पैशाची गरज न बघता निवडतात आणि मग लागेल तेवढी मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की निवडीची शक्यता कमी होते. त्या मोजक्या ठिकाणी गर्दी केवढी ते वेगळं सांगायला नको, म्हणून यादी नीट करा, नाव ऐकून करू नका. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे १ नोव्हेंबरच्या आसपास एकाच कॉलेजला शब्द द्यायचा, मिळालं तर जायचंच. ज्यांना फी बघायची नसते त्यांना ते सोपं, तुम्हाला दोन-तीन कॉलेजांच्या मदतीची तुलना करावी लागेल, म्हणून आधी त्यांचा हिशेब समजून घ्या, मगच ठरवा. ॲप्लिकेशन फी माफ करून मागता येते, निःसंकोच मागा.

त्या दुसऱ्या मुलीशी तुमच्या मुलीने स्वतः बोलावं असं मला वाटतं. शाळेतून नको, आईबापांतून नको. वहीवर नाव हवं एवढंच मागायचं.

पाचपाखाडी ते बोस्टन

मूळची पाचपाखाडीची, बरीच वर्षं बोस्टनजवळ आहे. २०१९ चं कॉलेज प्रवेश घोटाळ्याचं प्रकरण इथल्याच कोर्टात चाललं, रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने २०११ ते २०१८ मध्ये पालकांकडून सुमारे अडीच कोटी डॉलर घेऊन खोटे खेळाडू दाखवले, कोचना पैसे दिले, परीक्षेची उत्तरं बदलून घेतली. सुरुवातीलाच ५० जणांवर गुन्हे दाखल झाले, सिंगरला जानेवारी २०२३ ला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. सगळे तेव्हा म्हणत होते काय भ्रष्टाचार, आणि मला वाटत होतं की जे कायद्यात बसतं त्याचं काय? हार्वर्डवरच्या खटल्यात बाहेर आलेले आकडे बघा, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण ३३ टक्क्यांना प्रवेश मिळत होता, एकूण सगळ्यांचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास. त्याच खटल्यात जून २०२३ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश द्यायला बंदी केली, पण बापाचं कॉलेज बघायला बंदी नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ ला कायदा करून प्रायव्हेट कॉलेजांना सुद्धा ते बंद करायला सांगितलं, सप्टेंबर २०२५ पासून. एमआयटी हे बघत नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी चालूच आहे.

मी माझ्या कॉलेजसाठी दर हिवाळ्यात पाच-सहा मुलांचे इंटरव्ह्यू घेते. एका मुलाने संस्था काढलेली, मी म्हटलं तिथल्या एखाद्या मुलाबद्दल सांग, तर त्याला एकाचंही नाव आठवेना. त्याच वर्षी एक मुलगी होती, संस्था वगैरे काही नाही, धाकटा भाऊ अडखळत बोलतो म्हणून त्याच्यासाठी तिने स्वतः वाचनाचे तक्ते बनवलेले, चाळीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोलत होती. मी दोघांबद्दल जे दिसलं ते लिहिलं. आमच्या रिपोर्टला फार वजन नसतं. त्याला मिळालं, तिला नाही मिळालं. ताई, तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही म्हणून हे सांगितलं. पण तुमच्या मुलीला तिथल्या मुलांची नावं नक्की येत असणार, निबंधात तीच येऊ देत, गरिबी रंगवू नका, हंड्याचं गणित लिहा.

दिघेकर

मी दिघ्याचा, डोंगराच्या बाजूला राहतो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) सुरुवातीच्या वर्षांमध्ये २५ टक्के राखीव जागांतून इंग्लिश शाळेत लागलो होतो. आठवीपर्यंत एक रुपया फी नाही, नववीला घरी पत्र आलं की आता पूर्ण फी भरा, कारण कायदा आठवीपर्यंतच. पप्पा रबाळे एमआयडीसीत हेल्पर, कुठून भरणार, मग नववीला मराठी शाळेत आलो. भूमिती सगळी इंग्लिशमध्ये डोक्यात, समोर ‘समांतरभुज’ लिहिलंय, काय ते कळेना. दहावीला ५८ टक्के पडले. आता डिप्लोमा करतोय आणि रात्री पॅकिंगला जातो. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी २०२४ ला सरकारने नियमच बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेटला आरटीई नाही, जुलैमध्ये हायकोर्टाने तो रद्द केला, तोवर आम्ही नुसते थांबून होतो.

ताई, तुमच्या मुलीचं नाव लागायला पाहिजे, त्यात वादच नाही. पण रागावू नका, एक बोलतो. स्टाफ कन्सेशन हा पण एक कोटाच आहे. तुम्ही त्या शाळेत नोकरीला नसता तर तुमची लेक आणि आमच्या इथली मुलं एकाच बाकावर असती. तुम्ही वरती बघून म्हणताय आमच्यावर अन्याय, आणि आम्ही खालून बघतो तेव्हा तुम्ही दोघी आम्हाला एकाच शाळेच्या टीशर्टमध्ये दिसता.

आणि अजून एक गोष्ट या पूर्ण चर्चेत कोणी विचारली नाही. पुढच्या जूनपासून वर्ग कोण घेणार? आमच्या इथे असे तीन वर्ग मी बघितलेत. एक इंग्लिश स्पीकिंगचा, एक कंप्युटरचा, एक ड्रॉइंगचा. मुलं नाव नोंदवतात, खाऊ मिळतो, फोटो होतात, मग एका वर्षी दादा-ताई परदेशात जातात आणि दाराला कुलूप. ड्रॉइंगवाल्या वर्गातली माझी बहीण पुढचे दोन महिने दर रविवारी जाऊन बघून यायची उघडलंय का. फॉर्म तुमचे जातात, थांबून ती राहते. ती वही खरंच भाकरी आणि हंड्याची असेल तर मला पाहिजे. मी येऊ शकतो, शनिवारी माझी नाइट नसते.

कोपरखैरणेची आई

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. सगळं मुलीला वाचायला दिलं. दिघेकर दादाचं तिने दोनदा वाचलं आणि मला म्हणाली, कोट्याचं त्यांचं बरोबर आहे आई. मला आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आम्ही कष्टाने मिळवलं, आणि कष्ट आहेतच, पण माझ्याच डिपार्टमेंटला झाडू मारायला येतात त्या मावशींचा मुलगा याच शाळेत नाही, कारण त्या कंत्राटदाराच्या माणूस, त्यांना कन्सेशन लागू नाही. हे मला रोज दिसत होतं.

काउन्सेलर मॅडम, तुम्ही म्हणालात तसं तिने त्या मुलीला स्वतः मेसेज केला. ती लगेच सॉरी म्हणाली, वेबसाइट पप्पांच्या ऑफिसमधले बघतात, मला लक्षातच आलं नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर माझ्या मुलीचं नाव आलं. फाउंडर तीच आहे, शाळेचं पत्रही तसंच जाणार, काउन्सेलर माझ्याशी जरा तोडून बोलतात. ते चालायचं, पण पुढच्या वर्षीच्या कन्सेशनचं टेन्शन मनातून जात नाही, धाकटा अजून सातवीत आहे.

मुख्याध्यापक सर पत्र देतो म्हणाले, इंग्लिशमध्ये जमणार नाही पण मराठीत लिहितो, तुम्ही भाषांतर करून घ्या म्हणाले. मॅडम, भाषांतर आम्हीच केलं तर चालेल का, की दुसऱ्या कोणाकडून लागतं? तेवढं सांगा. अर्ली डिसिजन सध्या बाजूला ठेवलंय. सीईटीचा फॉर्मही भरणार, मिस्टरांनी तेवढं ठामपणे सांगितलंय.

दिघेकर दादा, जूनचा विचार खरंच आम्ही कोणी केला नव्हता. ती म्हणते या शनिवारी दुपारी साडेतीनला दिघा गाव स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी थांबेन, वहीच्या पंचवीस झेरॉक्स घेऊन. मी पण येतेय बरोबर. ड्रॉइंगवाली बहीण आता कितवीत आहे? तिला पण घेऊन या.